बकेट आणि वही

रेंजवर सगळेच बरे खेळतात. गोल्फ शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला हे रोज दिसतं. सकाळी साडेसहाला, ऑफिस गाठायच्या आधी, मंडळी येतात, टोकन देऊन बकेटभर चेंडू घेतात, नेहमीच्या मॅटवर उभी राहतात आणि बॅगेतून सात नंबरचा क्लब काढतात. पहिले काही चेंडू भलतीकडे जातात. मग हात बसतो. बकेटचा तळ दिसायला लागतो तोवर चेंडू उंच आणि सरळ जायला लागलेला असतो. माणूस खूश होऊन कामाला जातो. रविवारी दुपारी तोच माणूस कोर्सवरून येतो तो वैतागलेला. "सर, रेंजवर सगळं बसलं होतं हो. कोर्सवर गेलो की कुठे जातं कोण जाणे."

कुठेही जात नाही. ते आलेलंच नसतं.

रेंजवर पायाखाली सपाट मॅट असते, समोर मोकळं रान असतं, हातात तोच क्लब असतो आणि एक चुकला तर दुसरा चेंडू तयार असतो. दहावा फटका बसतो तो नवव्याच्या आधारावर. कोर्सवर हा आधार मिळत नाही. ड्रायव्हर मारला की काही मिनिटं चालायचं. पोचल्यावर बघावं तर चेंडू उताराला, पाय वर आणि चेंडू खाली. आता क्लब वेगळा, अंतर वेगळं, वारा वेगळा आणि चेंडू एकच. पटिंग सोडलं तर चार-साडेचार तासांच्या फेरीत तोच फटका लागोपाठ दोनदा मारायची वेळ क्वचितच येते. आणि आली, तर बहुधा पहिला चेंडू हद्दीबाहेर गेलेला असतो.

शाळेत आपण तेराचा पाढा ओळीने घडाघडा म्हणायचो. गुरुजींनी मध्येच "तेरा साते?" विचारलं की तेरा एके तेरापासून मनात धावत जावं लागायचं. रेंजवर बकेट संपवणारा माणूस पाढा ओळीने म्हणत असतो. कोर्स मात्र सतत "तेरा साते" विचारतो.

मी स्वतः खेळ शिकलो तो कॅडी म्हणून. येरवड्याच्या बाजूच्या वस्तीतली आमच्यासारखी बरीच पोरं साहेबांच्या बॅगा उचलायची. बकेट विकत घेणं आमच्या खिशाला परवडणारं नव्हतं. कुणी दिलेला एखादा जुना आयर्न, झुडपात सापडलेले दोन-चार चेंडू आणि कोर्स बंद असेल त्या दिवशी मिळणारी खेळायची मुभा, एवढंच भांडवल. मग एकाच आयर्नने लांब मारायचं, त्यानेच झाडाखालून काढायचं, त्यानेच चिप करायचं. प्रत्येक फटक्यावर चहाची पैज. चेंडू हरवला तर दुसरा कुठून आणणार, म्हणून मारायच्या आधी नीट बघायची सवय लागली. हे काही आमच्याच वाट्याचं वेगळेपण नव्हतं. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेरने १९९१ साली इंडियन ओपन जिंकली, आणि १९९३ साली पुन्हा. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय. गरिबीत खेळ चांगला येतो असला भाबडा निष्कर्ष मी काढणार नाही. त्या गरिबीने माझ्याबरोबरची कितीतरी चांगली पोरं खेळातून बाहेरही काढली. पण चेंडू कमी असले की प्रत्येक चेंडूला काम द्यावं लागतं, एवढं मात्र मी तिथे शिकलो.

पुढे कोचिंगचं प्रशिक्षण घेताना कळलं, की आम्ही जे नाइलाजाने करत होतो त्यावर अभ्यास झालेला आहे. १९७९ साली शे आणि मॉर्गन या दोन अमेरिकी संशोधकांनी हाताच्या हालचालींचा एक प्रयोग केला. एका गटाने एकच हालचाल पुन्हा पुन्हा घोटली आणि मग दुसरी घेतली. दुसऱ्या गटाने त्याच हालचाली उलटसुलट क्रमाने केल्या. सराव चालू असताना घोटणारा गट पुढे होता. काही दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा उलटसुलट करणारा गट पुढे निघाला. १९८६ साली गुड आणि मॅगिल यांनी हेच बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिसवर करून पाहिलं. निकाल तोच, कोर्टाच्या दुसऱ्या बाजूने सर्व्हिस करायला लावली तेव्हाही मिसळून सराव केलेलेच सरस ठरले.

या निकालातली गोम माझ्या धंद्याला अडचणीची आहे. जो सराव पुढे उपयोगी पडतो, तो करताना माणूस वाईट दिसतो. आणि माझ्याकडे येणारा प्रत्येक जण पैसे देतो ते चांगलं दिसण्यासाठी.

एका शिष्याची गोष्ट सांगतो. चाकणच्या बाजूला एका कारखान्यात क्वालिटी विभाग सांभाळणारे गृहस्थ, पन्नाशीतले. फेरीत नव्वद फटक्यांच्या आत यायचं, एवढीच इच्छा. पण गाडी अनेक महिने शहाण्णव-अठ्ठ्याण्णववर अडलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी निदान सांगून टाकलं, "माझं पटिंग वाईट आहे. नवा पटरसुद्धा घेतला." मी विचारलं, "साहेब, तुमच्या लाइनवर माल रिजेक्ट झाला तर कुठल्या मशीनवर बिघडला हे तुम्ही अंदाजाने ठरवता का?" ते हसले. पुढच्या वेळी खिशात मावेल अशी छोटी वही घेऊनच आले.

वहीत मी चारच रकाने आखायला सांगतो. पेनल्टी किती लागल्या. १०० यार्डांच्या आत आल्यावर होलमध्ये जायला किती फटके लागले. तीन पट, म्हणजे ग्रीनवर पटरचे तीन फटके, किती होल्सवर झाले. आणि त्या तिनातला पहिला पट किती लांबून होता. फेरी चालू असताना विश्लेषण करत बसायचं नाही. होल संपला की आकडा टाकायचा आणि पुढे चालायचं. फटके कुठे वाया जातात हे हँडिकॅपवरून कळत नाही. २०२० पासून जगभर लागू झालेल्या पद्धतीत शेवटच्या वीस फेऱ्यांमधल्या सर्वांत चांगल्या आठ धरतात. म्हणजे हँडिकॅप सांगतो तुम्ही चांगल्या दिवशी काय करू शकता. गळती कुठे आहे हे उरलेल्या बारा फेऱ्यांत दडलेलं असतं, आणि तीच कार्डं आपण फाडून टाकतो.

काही फेऱ्यांनंतर आम्ही दोघं कँटीनमध्ये ती वही उघडून बसलो. तीन पट बरेच होते, हे खरं. पण चौथा रकाना बघितला तर बहुतेक वेळा पहिला पट तीस-चाळीस फुटांवरून होता. इतक्या लांबून दोनात संपवणं हौशी खेळाडूला कठीणच. चेंडू तिथे थांबला होता कारण त्याआधीची चिप ढिसाळ होती. आणि जवळपास प्रत्येक फेरीत एक-दोन ड्रायव्हर उजवीकडे कुंपणापलीकडे गेले होते. हद्दीबाहेर चेंडू म्हणजे एक फटका दंड आणि पुन्हा तिथूनच मारायचं, म्हणजे दर वेळी दोनाचा खड्डा. नवा पटर बिचारा निर्दोष होता.

पटिंगला दोष देण्याची ही खोड सार्वत्रिक आहे, आणि तिला कारणही आहे. पार ७२ च्या कोर्सवर प्रत्येक होलला दोन पट गृहीत धरलेले असतात, म्हणजे ३६. निम्मा खेळ पटिंगचा, असा हिशेब लोक करतात. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रोडी यांनी पीजीए टूरवरच्या लाखो फटक्यांची नोंद तपासून हा हिशेब मोडीत काढला. चांगला आणि साधारण खेळाडू यांच्या गुणांत जो फरक पडतो, त्यातला सुमारे दोनतृतीयांश १०० यार्डांच्या बाहेरून मारलेल्या फटक्यांचा असतो, असं त्यांनी दाखवलं. त्यांचं पुस्तक २०१४ साली आलं. त्यातला एक आकडा मी प्रत्येक नव्या शिष्याला ऐकवतो: जगातले अव्वल व्यावसायिक आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात. मग आपण आठ फुटांवरून चुकल्यावर कपाळाला हात का लावायचा?

पण हा सरासरीचा नियम. प्रत्येकाची गळती वेगळी असते, म्हणून वही प्रत्येकाची स्वतःची हवी. आपली गोल्फपटू अदिती अशोक लांब मारणाऱ्यांत गणली जात नाही. तरी टोकियो ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं, आणि ते चार दिवस तिला वर ठेवलं ते मुख्यतः पटरने. दुसऱ्याचा आराखडा उचलून आपल्या बॅगेत टाकता येत नाही.

वहीतून आमचा तासाचा आराखडा निघाला. पहिला भाग घोटण्याचा. हो, घोटणंही लागतंच. हालचाल मुळातच नवी असेल तेव्हा ती आधी हातात यावी लागते. साहेबांचा ड्रायव्हर उजवीकडे वळत होता. चेंडू निघतो साधारण क्लबच्या फेसच्या दिशेने, आणि वळतो तो फेस आणि स्विंगचा मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फेस मार्गाच्या मानाने उघडा राहिला की स्लाइस. आम्ही मॅटवर दोन अलाइनमेंट स्टिक टाकल्या, एक पायांसाठी आणि एक निशाण्यासाठी. ड्रायव्हरच्या फेसवर पायाला लावायची पावडर स्प्रे केली. फटका मारला की पांढऱ्या पावडरीत चेंडूचा गोल ठसा उठतो. त्यांचे ठसे सगळे टाचेकडे, क्लबच्या दांड्याच्या बाजूला. चेंडू टाचेकडे लागला की स्लाइसला आणखी खतपाणी मिळतं. त्यांनी ठसा बोटाने पुसला, पुन्हा स्प्रे मारला, चेंडूपासून किंचित मागे सरकून उभे राहिले. ठसा मधोमध यायला लागला तेव्हा मला काही बोलावंच लागलं नाही. क्वालिटीवाल्या माणसाला डाग वाचता येतो.

आयर्नसाठी चेंडूच्या मागे वीतभर अंतरावर टॉवेलची घडी ठेवतो. मॅट फार खोटं बोलते. गवतावर क्लब चेंडूच्या आधी जमिनीत घुसला तर मातीचं ढेकूळ उडतं आणि चेंडू अर्ध्यात पडतो. मॅटवर तोच क्लब रबरावरून घसरत चेंडूला लागतो आणि फटका ठीक वाटतो. टॉवेल मात्र उडतो, आणि लपवाछपवी संपते.

एवढं झालं की घोटणं बंद. तासाचा मधला भाग म्हणजे रेंजवर उभं राहून कोर्स खेळायचा. आपल्या कोर्सचा पहिला होल डोळ्यांपुढे आणायचा. समोरच्या दोन झेंड्यांमधली जागा म्हणजे फेअरवे. चेंडूच्या मागे जाऊन उभं राहायचं, निशाणा ठरवायचा, मगच ड्रायव्हर. तो उजवीकडे गेला? मग पुढचा फटका झाडाखालून, पाच नंबर, खालून. मग वेज. लागोपाठ दोन वेळा एकच क्लब हातात घ्यायचा नाही, आणि चुकलेला फटका पुन्हा मारायचा नाही. या रीतीने चेंडू फार थोडे लागतात. अर्धी बकेट उरते. घाम जास्त येतो तो डोक्याला.

शेवटचा भाग छोट्या खेळाचा, आणि तिथे गुण ठेवायचे. ग्रीनच्या भोवती नऊ जागा निवडायच्या. काही सोप्या, काही रफमधल्या, एखादी बंकरमधली. प्रत्येक ठिकाणाहून एकच चेंडू, चिप करायचा आणि होलमध्ये घालूनच पुढे जायचं. प्रत्येक जागेचा पार दोन, एकूण अठरा. माझ्याकडे पहिल्यांदा खेळणाऱ्यांचे पंचविसाच्या पुढेच होतात. तो आकडा तारखेसकट वहीत. पटिंगचा वेगळा डाव: होलभोवती तीन-तीन फुटांवर चेंडूंचं कडं करायचं आणि ओळीने घालत जायचे, एक हुकला की पुन्हा पहिल्यापासून. होलचा व्यास सव्वाचार इंच, चेंडूचा पावणेदोन इंचांहून थोडा कमी. तीन फुटांवरून ही जागा ऐसपैस असते. पण शेवटचा चेंडू उरला आणि मागच्या सगळ्यांची मेहनत त्याच्यावर आली, की तीच जागा आकसते. ही आकसण्याची भावना सरावात यायलाच हवी. ती पहिल्यांदा रविवारच्या सामन्यात भेटली, तर तिथे शिकायला वेळ नसतो.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला साहेब माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "सर, खरं सांगू? आधी निदान रेंजवर तरी चांगलं खेळत होतो. आता तिथेही बोंब. शेजारच्या मॅटवरचे गृहस्थ काल विचारत होते, पाठ दुखतीय का म्हणून."

हा क्षण प्रत्येकाच्या बाबतीत येतो, आणि माझ्या कामाचा खरा कस इथे लागतो. स्विंग दुरुस्त करणं त्या मानाने सोपं. शेवटचे पाच-सहा चेंडू सोपे द्यावेत, "वा, काय बसला!" म्हणावं, आणि समोरचा हसत घरी जावा, हा मोह कुठल्याही कोचला होतो. असा हसत गेलेला माणूस पुढचा लेसन नक्की घेतो. वैतागून गेलेला परत येईलच असं नाही. काही जण खरोखरच आले नाहीत. एकांनी तर दुसरा कोच धरला आणि मला भेटल्यावर आनंदाने सांगितलं, की आता रेंजवर एकदम मस्त बसतंय.

चाकणवाल्या साहेबांना मी एवढंच म्हणालो, की वही काढा. ड्रायव्हर अजून भटकत होता. पण नऊ जागांच्या खेळात आकडा दर आठवड्याला थोडा खाली सरकत होता, आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत तीन पट लागलेले होल्स कमी झाले होते. त्यांनी बराच वेळ ते पान बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे इन्स्पेक्शन कडक केलं की सुरुवातीला रिजेक्शन वाढतं, तसं?" मी म्हटलं, "तुमच्या भाषेत तसंच." ते टिकले. नव्वदच्या आत यायला पावसाळा ओलांडावा लागला, आणि आले ते एकदम नाही, रडतखडत.

उलट बाजू मुलांची. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकला खेळला तेव्हापासून बापांच्या डोळ्यांत वेगळी चमक आली आहे. त्यात वाईट काही नाही. पण एक वडील रोज मुलाच्या मागे खुर्ची टाकून बसायचे आणि बकेटा मोजायचे. "आज चार झाल्या सर, अजून एक मारू दे." पोरगं बारा वर्षांचं, मनगट चोळत होतं. कुठेतरी त्यांनी दहा हजार तासांचं गणित वाचलेलं. मूळ अभ्यास १९९३ सालचा, अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, बर्लिनमधल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांवरचा. त्यात भर तासांइतकाच सरावाच्या प्रकारावर होता: नेमकं उद्दिष्ट, लगेच कळणारी चूक, पूर्ण लक्ष. असं लक्ष दिवसाला फार तास टिकत नाही आणि विश्रांतीही लागते, हेही त्यातच आहे. मी त्या वडिलांना बकेटऐवजी वही सांभाळायला दिली. चौथ्या बकेटचे आकडे दुसऱ्या बकेटपेक्षा वाईट आहेत हे त्यांच्याच हस्ताक्षरात उतरलं, तेव्हा खुर्ची जरा मागे सरकली. पोराला आता सोमवारी सुट्टी असते.

पावसाळ्यात आराखडा बदलतो. जून ते सप्टेंबर फेअरवे भिजलेले. चेंडू पडतो तिथेच रुततो, घरंगळत नाही, त्यावर चिखल चिकटतो. ग्रीनवरचं गवत वाढतं आणि वेग मंदावतो. अशा दिवसांत अंतराचे आकडे लिहून काही उपयोग नाही. नोव्हेंबरच्या कोरड्या जमिनीशी ते जुळणारच नाहीत. तेव्हा मी घरच्या सतरंजीवर लहान पट, आरशासमोर उभं राहण्याची ढब, आणि छताखालच्या मॅटवर पावडर-टॉवेलचं काम देतो. पाऊस थांबला की आकडे पुन्हा नव्याने सुरू. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरशी ताडून बघायचे, जुलैशी नाही.

आता नवा माणूस आला की मी आधी स्विंग बघत नाही. म्हणतो, मागच्या काही फेऱ्यांची कार्डं आणा. नसतील तर आधी दोन फेऱ्या खेळून या, रकाने भरून या, मग लेसनचे पैसे द्या. काहींना हे विचित्र वाटतं. ज्या रेंजवर मी शिकवतो त्यांच्या गल्ल्यालाही हे फारसं मानवत नाही, कारण माझ्या शिष्यांच्या बकेटा अर्ध्या उरतात. पण तासाभरात काय सुधारायचं हे मॅटवर पाय ठेवायच्या आधी ठरलेलं नसेल, तर तो तास व्यायामाचा. व्यायामही चांगलाच असतो. त्यासाठी कोच ठेवायची गरज नाही.